हेडलाइट घासायचं किट : एक उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

पिवळा पडलेला हेडलाइट घासून साफ करायचं किट घ्यावं का नाही हे विचारणाऱ्यांना आधीच सांगून देतो, घासायचं सामान एक नंबर आहे, पण वरून लावायचं कोटिंग आपल्या विदर्भाच्या उन्हात टिकत नाही. पैसे वाया जात नाहीत पण काम अर्धंच होते, आणि उरलेलं अर्धं कसं करायचं तेच मले इथं नीट सांगायचं आहे, कारण व्हिडिओवाले सगळे हेडलाइट चकाचक झाला की थांबतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं काय झालं ते कोणी दाखवत नाही.

गाडी वॅगनआर, २०१२ ची, पेट्रोल. राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. आमच्याकडं शेडमध्ये हिवाळ्यात कापूस राहते आणि उन्हाळ्यात कुटार, त्यामुळं गाडी बारा महिने आंगणात उभी. उजव्या बाजूनं कडुनिंबाची सावली पडते, डावी बाजू दिवसभर उन्हात. म्हणून डावा हेडलाइट हळदीसारखा पिवळा झाला होता आणि उजवा नुसता धुरकट. दोन्ही एकाच वयाचे, एकाच गाडीचे, फरक फक्त उन्हाचा.

आता कोणी म्हणन की पिवळा झाला तर झाला, दिसायचाच तर प्रश्न आहे. नाही ना भाऊ. कारंजा रोडनं रात्री चालवून पाहा. हरभरा निघाला की रोही (नीलगाय) आणि डुकरं रस्त्यावर, रोह्याचा रंग असा की अंधारात आणि झुडपात मिसळून जाते, लाइट नीट पडला तरच लांबून डोळे चमकतात, नाहीतर ते डायरेक्ट बोनेटसमोर येऊनच दिसते. कापसाच्या दिवसात जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रॉल्या आणि बंड्या (बैलगाड्या), मागं ना लाल लाइट ना रेडियम. एवढं मोठं जनावर अंगावर आलं की छोट्या गाडीची काय हालत होते हे आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. अशा रोडवर हेडलाइट म्हणजे ब्रेकइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे असं मी मानतो.

गावातले पोट्टे याच्यावर एकच उपाय करतात, मोठा बल्ब. कंपनीचा H४ बल्ब ६०/५५ वॅटचा (हाय बीम/लो बीम) राहते, त्याच्या जागी १००/९० टाकतात नाहीतर पांढरा एलईडी. १००/९० तर रोडवर कायद्यातच बसत नाही, वरून त्याच्या गरमीनं आतला रिफ्लेक्टर आणि होल्डर खराब होते. आणि मेन गोष्ट, समोरची काच धुरकट असन तर बल्ब कितीही मोठा टाका, उजेड रस्त्यावर जातच नाही, काचेतच फाटून सगळीकडं पसरते. आपल्याला तर दिसत नाहीच, समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यावर मात्र पूर्ण जाते. तर आधी काच, मग बल्ब.

काच म्हणतो आपण पण ती काच नाहीच. जुनी ॲम्बेसिडर, जुनी जीप यांची खरी काच होती, ती फुटायची पण पिवळी नाही व्हायची. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक राहते, हलकं, दगड लागला तरी लवकर फुटत नाही, पण नरम आहे, ओरखडे लवकर पडतात आणि उन्हातल्या यूव्हीनं पिवळं पडते. म्हणून कंपनी वरून एक कडक पातळ थर देते. काही वर्षांनी तो थर उन्हानं मरते, जागोजागी उडते, आणि मग खालचं प्लास्टिक उघडं पडून पिवळं होत जाते. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा म्हणजे नवल नाही, धूळ वेगळी, त्यामुळं तो थर लवकर जाणारच. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं याच्यावर आहे : घासताना आपण तो मेलेला थर काढून टाकतो, म्हणजे त्याच्या जागी नवीन थर दिला नाही तर प्लास्टिक उन्हासमोर उघडंच राहिलं.

किटचं म्हणाल तर ऑनलाइन एकसारखं किट वेगवेगळ्या नावानं मिळते, खोक्याचा रंग बदलते, आतला माल तोच. पाचशेच्या आसपास पडलं. आत ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे पेपर, नंबर मोठा तितका पेपर बारीक), पांढऱ्या कंपाउंडची (रगडून चमक आणायच्या पेस्टची) छोटी बाटली, एक मऊ कापड, आणि कोटिंगचं पाकीट. मास्किंग टेप नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला, आणि तो सगळ्यात आधी लागते. हेडलाइटच्या चारही बाजूनं रंगावर टेपचे दोन थर मारा, कारण वॉटर पेपर एकदा जरी बोनेटच्या कडेला लागला तर तिथला कलर गेलाच.

घासायचं काम सावलीत करा, सकाळी. आधी साबणाच्या पाण्यानं धुळ काढायची, बारीक रेती राहिली तर पेपरखाली येऊन खोल ओरखडा मारते. मग ८०० नंबर पाण्यात भिजवून सुरू. पेपर नुसता बोटानं धरू नका, बोटाच्या जागी नाल्या पडतात, मागं स्पंजचा तुकडा किंवा जुन्या चपलेच्या फोमचा तुकडा ठेवा म्हणजे दाब सारखा राहते. सुरुवातीला पाणी पिवळं निघते, चिकट, हाच तो मेलेला थर. पाणी टाकत राहा, घासत राहा, हळूहळू पाणी दुधासारखं पांढरं व्हायला लागते. पूर्ण हेडलाइटवर सगळीकडून पांढरंच पाणी निघालं की ८०० चं काम झालं. इथंच लोक घाई करतात, मधे मधे पिवळे ठिपके राहून जातात, आणि ते नंतर ३००० नं काय किंवा कंपाउंडनं काय, कशानंच जात नाहीत. माझ्या डाव्या हेडलाइटले उजव्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, कोपऱ्यात इंडिकेटरकडं तर थर इतला घट्ट होता की हात भरून आला.

मग १०००, मग १५००, असं चढत जायचं, आणि दर वेळी दिशा बदलायची, एक नंबर आडवा घासला तर दुसरा उभा. याचं कारण साधं, आडव्या रेघा सगळ्या गेल्या की नाही हे उभं घासल्यावर कळते. या वेळी हेडलाइट आधीपेक्षा पण खराब दिसते, एकदम पांढरा, दुधी, घरचे बाहेर येऊन विचारतात हे काय करून ठेवलं. घाबरायचं नाही, असंच दिसते. ३००० झाला की कंपाउंड लावून कापडानं गोल गोल रगडायचं आणि तिथं मजा आहे, धुकं निघून जाते आणि आतला बल्ब दिसायला लागते. ड्रिल मशीनला फोमचं पॅड लावून पण करता येते, पण स्पीड कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, हे प्लास्टिक गरम झालं की नरम पडते.

इथपर्यंत किटला पैकीच्या पैकी. पेपर चांगले होते, पाण्यात फाटले नाहीत, दोन हेडलाइट होऊन थोडे उरले. कंपाउंड पण बरोबर.

आता कोटिंग. इथं मी मुद्दाम एक केलं, दोन हेडलाइटवर दोन वेगळ्या गोष्टी लावल्या. उजव्यावर, म्हणजे सावलीकडच्यावर, किटमधलंच कोटिंग, पाकिटावर लिहिलं तसंच, पुसून, सुकवून, रात्रभर पाणी लागू न देता. डाव्यावर, जिथं दिवसभर ऊन पडते, दारव्ह्याच्या एका डेंटर-पेंटरकडून टू-के क्लिअर मारून घेतलं. टू-के म्हणजे क्लिअर (पारदर्शक लॅकर) आणि हार्डनर (ते कडक करणारं औषध) मिसळून जे गाडीच्या रंगावर शेवटी मारतात तेच. फक्त यूव्ही प्रोटेक्शनवालं आहे ना हे डब्यावर पाहून घ्यायचं.

पेंटरनं जे सांगितलं ते मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणे, "भाऊ, क्लिअर मारायचं असन तर ३००० पर्यंत घासू नको, १००० वरच थांब. गुळगुळीत करून आनशीन तर क्लिअर पकडन कायले?" आणि बरोबर आहे ते, वर थर बसायला खाली थोडी खरबरीत जागा पायजे, १००० च्या बारीक रेघा क्लिअर स्वतःच भरून टाकते. म्हणजे क्लिअर मारणार असाल तर वरचे नंबर आणि कंपाउंड यांची मेहनत वाचली. मी डावा हेडलाइट तसाच दुधी, १००० वर थांबवून घेऊन गेलो. त्याच्याकडं एका बंपरचं काम चालू होतं, त्याच मिक्समधलं त्यानं यालाही मारलं, दोन हात, मधे थोडा वेळ सोडून. पहिला हात पडताच दुधी प्लास्टिक डोळ्यासमोर पारदर्शक झालं. तीनशे रुपये घेतले. एकदा हार्डनर टाकलं की मिक्स केलेलं क्लिअर दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही, घट्ट होऊन जाते, म्हणून पेंटरकडं दुसरं काम चालू असतानाच जा, नुसत्या हेडलाइटसाठी वेगळं मिक्स करायले तो जास्तच पैसे मागन आणि त्याचं चुकत पण नाही. एक मात्र नक्की, टू-के चा फवारा घरी तोंडाला रुमाल बांधून मारायची गोष्ट नाही. त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट नावाचं रसायन राहते, फुफ्फुसाला वाईट, त्यासाठी खास त्याच्याचसाठीचा मास्क लागते.

हे दोन्ही अक्षय तृतीयेच्या आधी झालं होतं. पोळ्यापर्यंत उजव्या हेडलाइटवर, सावलीत राहूनही, वरच्या भागात धुरकटपणा परत आला, बोट फिरवलं तर आधीसारखा गुळगुळीत लागत नव्हता. डावा, जो सगळं ऊन खाऊन राहिला होता, तो जसाच्या तसा. आडवं पाणी मारून, सूर्यासमोर धरून, सगळ्या बाजूनं पाहिलं, पिवळेपणाचा पत्ता नाही. माझ्यासाठी निकाल इथंच लागला. उजवा परत १००० नं घासून त्याच पेंटरकडून क्लिअर मारून घेतला आहे.

उजेडात किती फरक पडला? मोजायचं मशीन माझ्याकडं नाही पण अमेरिकेत ट्रिपल-ए म्हणून मोटरवाल्यांची मोठी संघटना आहे, तिनं २०१८ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत साधारण २० टक्केच उजेड बाहेर येते आणि घासून साफ केल्यावर तो ७० टक्क्यांपर्यंत जाते असं त्यात निघालं. म्हणजे नव्यासारखा शंभर टक्के होत नाही, हे पण खरं आहे, कंपनीचा नवीन जोड घेतला तर पूर्ण येन, पण त्याचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. मला स्वतःला लो बीमवर रस्त्याची कड आणि धुऱ्यावरचं गवत दिसायला लागलं, जे आधी हाय बीमवर पण दिसत नव्हतं. काम झाल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची मात्र एकदा पाहून घ्या, उजेड वाढला की वर गेलेला बीम समोरच्याला जास्त त्रास देते.

हे किट कोणाच्या कामाचं नाही ते पण सांगतो. हेडलाइटच्या आतून पाणी-वाफ धरली असन तर बाहेरून घासून काही होणार नाही, तिथं सील गेलेली आहे. प्लास्टिकच्या आत जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर त्या पण घासून निघत नाहीत. नखानं खरवडून पाहा, वरचा पिवळा थर पापुद्र्यासारखा लागला तर किट कामाचं, आत भेगा दिसल्या तर पैसे नव्या हेडलाइटसाठी ठेवा.

आणि घरगुती उपायांबद्दल मला मनापासून एवढंच म्हणायचं आहे की करू नका. टूथपेस्टनं थोडी चमक येते कारण त्याच्यात बारीक घासणारी पावडर राहते, पण ती मेलेला थर काढत नाही आणि नवीन देत तर नाहीच, काही आठवड्यात परत तेच. डीटवालं मच्छराचं औषध फवारून पुसायचे व्हिडिओ आहेत, ते प्लास्टिकचा वरचा भाग विरघळवते म्हणून चमकते, म्हणजे नुकसानच. थिनर तर बिलकुल नाही, पॉलिकार्बोनेटला त्यानं भेगा पडतात. खोबरेल तेल लावलं तरी हेडलाइट चमकते, धुतलं की संपलं, जुनी गाडी घ्यायला बाजारात जाल तेव्हा हेडलाइटवरून कोरडा रुमाल फिरवून पाहा, तेलकट लागला तर समजून घ्या.

तर माझं म्हणणं असं, पूर्ण किटच्या ऐवजी पेंटच्या दुकानातून ८०० आणि १००० चे वॉटर पेपर आणि मास्किंग टेप घ्या, खूप स्वस्तात होते, घरी घासा आणि क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. गावात पेंटर नसन, लांब जाणं जमत नसन, तर किट घ्या आणि दर उन्हाळ्याच्या आधी परत कोटिंग करायची तयारी ठेवा. पावसाळ्यात क्लिअर मारू नका, दमट हवेत ते पांढुरकं पडू शकते. दसरा ते दिवाळी हा टाइम सगळ्यात चांगला, हवा कोरडी होते, आणि एकदा कापूस वेचणी जोरात सुरू झाली की कोणाले टाइम राहत नाही आणि बिनालाइटच्या बंड्या पण तेव्हाच रोडवर येतात.