गाभण म्हणून घेतलेली घोडी रिकामी निघाली

दत्तजयंती जवळ आली. सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरेल आणि पुष्कळ जण घोडी बघायला निघतील. गाभण घोडीला तिथे नेहमीच मागणी असते. आमची फसवणूक नेमकी यातच झाली, म्हणून लिहितोय. आमचा सौदा मात्र बाजारात नाही, एका दलालाच्या वाड्यावर झाला होता.

घोडी मारवाडी, कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपटी), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरी), गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा. काकांनी भोवरे पाहिले, दात पाहिले, चाल पाहिली. सगळं उत्तम. दलाल म्हणाला, "सात महिन्यांची गाभण आहे काका, वैशाखात भरवलीय." मोबाइलवर नराचा व्हिडिओ दाखवला, रक्ततपासणीची चिठ्ठी दाखवली. मग घोडीला बादलीभर थंड पाणी पाजलं, काकांचा हात धरून तिच्या कुशीवर ठेवला आणि म्हणाला, "बघा, शिंगरू हललं!" हाताखाली खरंच काहीतरी सरकलं. गाभण म्हणून त्याने चाळीस हजार वर लावले.

गावी आणल्यावर डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तपासलं, सोनोग्राफीही केली. गर्भाशय रिकामं. कुशीत हललं ते आतडं होतं. सुटलेलं पोट होतं निकस चाऱ्याचं आणि जंतांचं. जंताचं औषध देऊन चारा बदलला तसं ते उतरलं.

चिठ्ठी तर खोटी नव्हती, आणि हे नीट समजून घ्या. घोडी फळल्यावर साधारण 40 ते 120 दिवसांच्या काळात तिच्या रक्तात एक संप्रेरक सापडतं. ते गर्भाशयात धरणाऱ्या छोट्या गाठींतून येतं. या गाठी एकदा धरल्या की गर्भ गेला तरी काही आठवडे टिकतात. म्हणजे पोटात काही नसतानाही रक्त 'गाभण' सांगू शकतं! आमच्या चिठ्ठीवर तारीख आषाढातली होती. पुढे जुन्या मालकाचा पत्ता लागला. त्यांनी सरळ सांगितलं की घोडी श्रावणात, म्हणजे चिठ्ठीनंतर, गाभडली (गर्भ पडला) आणि दलालाला त्यांनी ती रिकामी म्हणूनच, कमी भावात दिली. त्याला सगळं माहीत होतं. याचाच संताप येतो.

"दोन महिने माज नाही, म्हणजे गाभणच," हेही त्याने ऐकवलं होतं. थंडीत दिवस लहान असतात तेव्हा बऱ्याच घोड्या माजावर येतच नाहीत. कासेवरूनही सातव्या महिन्यात काही कळत नाही; ती भरते विण्याच्या दोन-चार आठवडे आधी. घोडीचे दिवस सुमारे 340, म्हणजे अकरा महिने. कुणी गाईसारखे नऊ मोजत असेल तर तिथूनच मागे फिरा.

इसार देण्याआधी आपला डॉक्टर नेऊन त्याच दिवशी तपासणी करून घ्या. भरवल्यापासून पंधरा-सोळा दिवसांतही सोनोग्राफीत गर्भ दिसतो, मग सात महिन्यांच्या घोडीला हात लावू न देणाऱ्याचं कारण उघड आहे. सौद्याच्या कागदावर 'गाभण' हा शब्द, भरवल्याची तारीख आणि रिकामी निघाल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. जुन्या मालकाशी स्वतः बोला.

आमच्या दलालाचा फोन बंद आहे. चिठ्ठी, सोनोग्राफीचा अहवाल आणि जुन्या मालकाचा लेखी जबाब जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. घोडी आमच्याकडेच राहील. तिचा यात काय दोष?