ब्रेस्ट रिडक्शन (स्तन लहान करायचं ऑपरेशन), सात-आठ महिन्यांनंतर: पाठदुखी गेली, दोन बाजू मात्र दोन तऱ्हेच्या

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या बायकांचं काम होईल. पाठ, मान, खांदे: पूर्ण फरक. स्तनांखालच्या घडीतल्या त्वचेचा त्रास: गेला. आकार: चांगला. दोन्ही बाजू एकसारख्या: नाहीत, आणि आता होतील असंही वाटत नाही. जखम भरणं: डावी बाजू शहाण्यासारखी भरली, उजवीनं रडवलं. डॉक्टरांचं आणि दवाखान्याचं नाव देणार नाही, मेसेज करूनही विचारू नका. कोल्हापुरातच केलं, एवढं पुरे.

चाळिशी जवळ आलेली, साइज ३८ डीडी, शाळेत शिकवते. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खळगे पडले होते. उन्हाळ्यात स्तनांखाली घामोळं, मग बुरशी, मग मलम, परत घामोळं. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना मान धरायची. फिजिओथेरपी झाली, वजनही उतरवलं. चेहरा उतरला, छाती तेवढीच. घरी विषय काढल्यावर सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं कापून टाकतीस व्हय गं?" त्यांना खांदे दाखवले. त्यावर काही बोलल्या नाहीत, पण ऑपरेशननंतर महिनाभर भाकरी त्यांनीच थापल्या.

ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर झालं, पूर्ण भूल देऊन. त्या दिवशी सकाळी उभं करून पेनानं खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि मापं चुकतात. गळ्याच्या खालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत दोन्हीकडची अंतरं टेपनं मोजली. उजवं डाव्यापेक्षा जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली होतं. इतकी वर्षं आरशात बघूनही मला ते दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी आकडे फाइलमध्ये लिहिले आणि मी लगेच मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. या सगळ्या प्रकारात सगळ्यात उपयोगी पडली असेल तर ती ही गोष्ट, पुढे सांगते का ते.

टाके उलट्या टी अक्षरासारखे: स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि खालच्या घडीत आडवे. स्तनाग्र सहसा सुटं करत नाहीत, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट खालच्या भागाला जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात. काढलेला भाग तिथंच वजन करतात. उजवीकडून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास निघाला, डावीकडून चारशेच्या. तो तपासणीला लॅबमध्ये गेला, रिपोर्ट स्वच्छ आला. हा रिपोर्ट मागून घ्या, आपणहून कोणी हातात देईलच असं नाही.

पहिला आठवडा वाटला तेवढा वाईट नव्हता. ड्रेनच्या (आत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या लवकर निघाल्या, दुखणं गोळ्यांनी आवरलं. खरा वैताग म्हणजे उताणं झोपणं. मी आयुष्यभर कुशीवर झोपणारी. दोन्ही बाजूंना लोड लावून झोपायचे. कुकर उचलायचा नाही, कपडे पिळायचे नाहीत, दोरीवर हात उंचावून वाळत घालायचे नाहीत, दीड महिना गाडी चालवायची नाही. गाडीचं म्हणाल तर मागे बसून जातानाही आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा टाक्यांना कळायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उजवीकडे उभा टाका आणि आडवा टाका जिथं मिळतात तिथं कातडी फाकली. नखाएवढी सुरुवात, मग रुपयाच्या नाण्याएवढी जखम, आत पिवळट थर. मला वाटलं पू झाला. दवाखान्यात फोटो पाठवला तर उत्तर, "नॉर्मल आहे, ड्रेसिंग चालू ठेवा." एवढंच. प्रत्यक्ष बघायला चार-पाच दिवस लावले, आणि तेही मी जाऊन बसले म्हणून. बघितल्यावर मात्र डॉक्टरांनी नीट समजावलं. तीन टाके मिळतात त्या टोकाला कातडीवर ताण सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी, त्यामुळे या पद्धतीत जखम उघडलीच तर बहुतेक वेळा तिथंच उघडते. पिवळा थर म्हणजे पूच असतो असं नाही. परत टाके घालत नाहीत, जखम आतून वर भरू देतात. सलाईननं धुवायची, मलम, वर पॅराफिनची जाळी, कोरडं गॉज. महिन्याहून जास्त लागला, पण भरली.

माझी तक्रार जखमेबद्दल नाही. हे इतकं माहितीतलं असताना ऑपरेशनआधी कोणीच का बोललं नाही, याबद्दल आहे. आधीच्या भेटीत टॅबवर फोटो दाखवले, ते सगळे वर्षानंतरचे, गुळगुळीत. तिसऱ्या आठवड्यातला एक फोटो दाखवला असता तर माझ्या अर्ध्या रात्री वाचल्या असत्या. तुम्ही जाल तेव्हा मागा: जखम उघडलेल्या केसचा फोटो, आणि ती भरल्यावरचा. दाखवायला का कू केलं तर दुसरा डॉक्टर बघा. आणि डॉक्टरांची पदवी बघा, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी हवी. 'कॉस्मेटिक' हा शब्द पाटीवर कोणीही लिहितं.

ज्यांत वाट बघत थांबायचं नाही अशा गोष्टी मला डिस्चार्जच्या कागदावर मिळाल्या होत्या, त्या सांगते: ताप, पसरत जाणारी लाली, घाण वास, स्तनाग्र काळंनिळं पडणं, किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक टणक होऊन फुगणं. यात फोटो पाठवत बसू नका, थेट जा.

आणि मिश्री. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तंबाखू विचारल्यावर शेजारच्या कॉटवरची बाई "नाही" म्हणाली आणि तिची बहीण हसायला लागली. दोन वेळा मिश्री लावणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशनमध्ये कातडी आणि स्तनाग्र जगतात ते त्याच रक्तवाहिन्यांवर. आधी आणि नंतर साधारण चार-चार आठवडे बंद म्हणजे मिश्रीसुद्धा बंद. शुगर असेल तर तीही आधी ताब्यात.

आता दोन बाजूंचं. सुरुवातीला दोन्ही स्तन वर चढलेले, चौकोनी, परक्या बाईचे वाटतात. सूज उतरते तसा खालचा भाग भरतो आणि आकार बसतो. डावीकडे हे तिसऱ्या महिन्यात झालं. उजवीकडे जास्त काढलं होतं, त्यात जखम उघडलेली, तिकडची सूज सहाव्या महिन्यापर्यंत रेंगाळली. मधल्या काळात मी रोज आरशासमोर, रोज नवा निष्कर्ष. घरच्यांना वीट आला असणार. मार्चमध्ये उजवीकडे कडक गाठ लागली तेव्हा मात्र हातपाय गार पडले. सोनोग्राफीत निघालं ते रक्त न मिळाल्यानं मेलेल्या चरबीचं गाठोडं. रिडक्शननंतर असं होऊ शकतं आणि त्यातून कॅन्सर होत नाही, पण ते हातानं चाचपून ठरवायचं नसतं, तपासूनच घ्यायचं. पुढं मॅमोग्राफीच्या वेळीही ऑपरेशन झाल्याचं आधी सांगायचं.

आजची स्थिती: उजवं स्तनाग्र डाव्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर खाली. उजव्याचा खालचा भाग थोडा चपटा, आणि जखम उघडली होती तिथला व्रण रुंद. डाव्या स्तनाग्राला स्पर्श अजून अर्धवट कळतो, मधूनच झिणझिण्या येतात. मे महिन्यात यावरून मी चांगलीच चिडले होते. मग फाइलचा तो फोटो काढून बघितला. आधी फरक दोन होता, आता एक. डावं-उजवं ताडून बघितलं की राग येतो, आधीचं-आताचं बघितलं की येत नाही. फोटो नसता तर आजार नसलेलं शरीर बिघडवून घेतलं असंच मी म्हणत बसले असते.

हा फरक माझ्याखेरीज एकाच माणसाला कळला, आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या काकूंना. साध्या टक्सच्या ब्लाउजमध्ये काही दिसत नाही, कटोरी ब्लाउज मात्र लपवू देत नाही. काकूंनी टेप लावला, परत लावला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उजव्या कटोरीत आतनं एक अस्तर जास्त घालतो बघ. कुणाच्या बापाला कळत नाही." सहा महिने व्हायच्या आत महागातलं काही शिवू नका, माप बदलत राहतं.

वस्तूंबद्दल थोडं. पुढून हुक असलेली, तार नसलेली घट्ट ब्रा सहा आठवडे रात्रंदिवस लागते. दोन सांगतात, तीन घ्या. जाड कापड वाळत नाही, आणि पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर चार. सिलिकॉन पट्टी व्रणावर चांगली काम करते, पण जखम पूर्ण बंद झाल्यावरच, आणि दिवसात किमान बारा तास, दोन-तीन महिने. एप्रिलच्या घामात ती खालच्या घडीतून सुटायची आणि पुरळ उठायचं, म्हणून दिवसा सिलिकॉन जेल, रात्री पंख्याखाली पट्टी. आपल्या वर्णाच्या कातडीवर व्रण जाड व्हायची शक्यता जास्त असते. माझा आडव्या रेघेच्या बाहेरच्या टोकाला झाला, तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. ते दुखतं. बरंच दुखतं.

पैसे: विमा मिळाला नाही. पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीला थेट धोका हा अपवाद, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. माझी पाठदुखी कंपनीनं त्यात धरली नाही. वर कॉस्मेटिक म्हणून १८ टक्के जीएसटी. दवाखान्याचा आकडा ऐकताना कर धरून की सोडून, ते विचारा.

उजव्या बाजूच्या दुरुस्तीचं डॉक्टरांनीच सुचवलंय: वर्ष झाल्यावर, तेवढ्याच जागेला भूल देऊन रुंद व्रण काढायचा आणि खालचा भाग थोडा सावरायचा. स्वतःची फी घेणार नाहीत, थिएटरचा खर्च माझा. त्याआधी करण्यात अर्थ नाही, कारण व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो. दिवाळीनंतर परत मापं घेणार आहेत. फरक एक सेंटीमीटरवरच थांबलेला असेल तर मी फक्त व्रणाचं करून घेईन, उंचीला हात लावू देणार नाही. त्या टोकावर त्याहून जास्त ताण घ्यायची माझी तयारी नाही.