काळ्या लायनरखाली निघाली पुट्टीची खापरी

माझी पिकअप सात वर्षांची. हंगामात नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे कॅरेट, एरवी मिळेल ते भाडं. मध्ये तीन महिने एका बांधकामावर डबर वाहिला आणि त्या डबरानं हौद्याची, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाची, वाट लावली. भोकं तीनच, पण पोचे मोजायला बसलं तर दुपार जावी. फाळक्याजवळचा (मागच्या उघडणाऱ्या झडपेजवळचा) एक पोचा तर इतका खोल की त्यात साठलेल्या पाण्यात चिमण्या अंघोळ करायच्या.

एप्रिलमध्ये हातात चार पैसे होते. हौद्याला स्प्रेचं लायनर, म्हणजे पत्रा जपणारा जाड थर, मारून घ्यायचं ठरवलं. ओळखीच्या एकाच्या गाडीला मारलेलं पाहिलं होतं. काळं, खरखरीत, कॅरेट ओढले तरी ओरखडा नाही. हायवेवरच्या एका गॅरेजात विचारलं. मालक बोलायला गोड. "दादा, पोचे काढतो, गंज घासतो, प्रायमर मारतो, वर तीन मिलिमीटरचं पॉलियुरेथेन. पाच वर्षं बघायचं काम नाही." भाव साडेअठरा हजार. नऊ हजार आगाऊ दिले, फोनवरूनच. बिल मागितलं तर म्हणाला, "काम झाल्यावर देतो की." ते बिल मला आजतागायत मिळालेलं नाही.

शनिवारी सकाळी गाडी दिली, रविवारी संध्याकाळी फोन आला, तयार आहे. इथंच माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता. तीस-पस्तीस पोचे हातोडीनं काढून, गंज घासून, प्रायमर वाळवून, दोन हात लायनर मारायचं काम दीड दिवसात कसं होईल? पण गाडी पाहिली आणि खुळावलो. हौदा शाळेच्या नव्या फळ्यासारखा काळाभोर, एक पोचा दिसेना. उरलेले पैसे देऊन टाकले. "उद्या माल भरू का?" विचारलं तर "बिनधास्त भरा". लायनर नीट पक्कं व्हायला निदान तीन-चार दिवस द्यावे लागतात, हे मला नंतर कळलं.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि हौद्यात पाणी तुंबायला लागलं. पाहतो तर पाणी निघून जायची भोकं लायनरनंच बुजवलेली. मीच खिळ्यानं मोकळी केली. जुलैत फाळक्याजवळ फोड आला. बोटानं दाबला तर आत पचपच. एक दिवस हमालानं कॅरेट टेकवला आणि तो तुकडाच निखळून हातात आला. ताटलीएवढी खापरी! वर कागदासारखा काळा थर, खाली खड्डे भरायची बोटभर जाड पिवळट पुट्टी आणि तिच्या पाठीवर गंजाचा लाल छापा, जसाच्या तसा. पोचा काढलाच नव्हता, खड्डा बुजवावा तसा बुजवला होता. एका भोकावर तर चिकटपट्टी लावून त्यावर पुट्टी थापलेली. दुसऱ्या बाजूला लायनर दुधावरच्या सायीसारखं सोलून आलं, खाली कंपनीचा मूळ रंग चकचकीत. म्हणजे घासकागद फिरवलाच नव्हता. लेथवाल्या मित्रानं जाडी मोजायचा व्हर्नियर लावून पाहिलं, थर एक मिलिमीटरसुद्धा भरेना.

खापरी घेऊन गॅरेजात गेलो. "तुम्ही ओव्हरलोड भरलं असणार," म्हणे. मग "पाऊस फार झाला". जुन्नर तालुक्यात जुलैत पाऊस झाला, हे मोठं नवलच की! आवाज चढवल्यावर, चार गिऱ्हाइकं बघतायत म्हणून, पाच हजार परत दिले. बाकीचे गेले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर बोललो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाराही ग्राहक धरला जातो आणि जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, एवढं समजलं. पण काय काय करणार हे लिहिलेला चिटोराही माझ्याकडे नव्हता, फक्त फोनवर पैसे गेल्याची नोंद. त्यात ऐन हंगामात गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. तुमच्याकडे कागद असेल तर सोडू नका.

आता आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे काम चालू आहे. चाचा म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी आधी सगळं खरवडून पत्रा उघडा केला आणि मला बोलावून दाखवला. पोचा खालून हातोडी-डॉलीनं काढतात (डॉली म्हणजे पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनं धरायचा लोखंडी ठोकळा). जिथं खाली आडवा चॅनेल येतो आणि हात पोचत नाही, तिथं वरून वॉशर वेल्ड करून ओढतात. पत्रा ताणून सैल झाला असेल तर गॅसनं तापवून ओल्या फडक्यानं आवळतात. भोकाला पत्र्याचा तुकडा वेल्ड करतात. पुट्टीबद्दल चाचा चिडूनच बोलले. "हौद्याची फरशी माल पडला की लवते. पुट्टी लवत नाही, तडकते. वर पाणी पिते. मारायचीच तर दोन-तीन मिलिमीटर, तीही साफ पत्र्यावर." आणि मला सगळ्यात लागलं ते हे: लायनर खरखरीत असतं, बारीकसारीक पोचे त्यात तसेही लपतात. ते काढले नाहीत तरी चालतं. म्हणजे त्या पठ्ठ्यानं जिथं काही करायची गरज नव्हती तिथंही पुट्टी थापली होती, फक्त मला हौदा सपाट दिसावा म्हणून.

काम देणार असाल तर पोचे काढून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा. तोवर आगाऊ रकमेपुढे एक रुपया देऊ नका. एकदा काळा थर चढला की डोळ्यांना काही कळत नाही. लायनर मारलेली जुनी गाडी विकत घेत असाल तर जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून हौदाभर फिरवा. लायनरमुळे पकड सगळीकडेच जरा कमी लागेल, पण जिथं तो एकदम सैल पडेल तिथं खाली जाड पुट्टी समजा. परवा मेहुण्यासाठी गाडी बघायला गेलो होतो. फाळक्यापासून हातभर अंतरावर चुंबक सरळ घरंगळत खाली आला. विकणारा म्हणाला, "चुंबक जुना आहे वाटतं." आम्ही चहा घेतला आणि निघालो.

चाचा डेंटिंगचे नऊ हजार घेणार आहेत. लायनर दिवाळीनंतर बघू. तोवर हौदा रेड ऑक्साईड प्रायमरमध्ये लालभडक आहे आणि वर ताडपत्री अंथरून कॅरेट चालू आहेत.