कलेवरावरच्या बारीक माश्या आणि क्लिपची मॅक्रो लेन्स: नऊ महिन्यांनंतर

जूनच्या पहिल्या पावसात क्लिपने मोबाईलला लावायची, बारीक गोष्टी जवळून टिपणारी ही मॅक्रो लेन्स घेतली, ती एकाच कामासाठी. आमच्या गोव्यातल्या साखळी-वाळपई रस्त्यावर पावसाळ्यात बेडूक, घुशी, साप गाडीखाली येतात. त्यांच्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या जमतात, त्या ओळखायच्या होत्या. मोठ्या हिरव्या-निळ्या माश्यांबद्दल वाचायला भरपूर मिळतं; या बारीक माश्यांकडे फार कोणी बघत नाही.

ही लेन्स फोकस होते ती माशीपासून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरवर. नाकाला रुमाल बांधून एवढं जवळ जायचं, तोवर पाठीला कुबड असलेली, फोरिड कुळातली माशी तुरुतुरु पळून पसार झालेली असते. दोन महिने नुसते धूसर ठिपके जमवले. मग युक्ती सुचली: मासेवालीकडून मूठभर बर्फ घ्यायचा, माशी छोट्या बाटलीत धरायची आणि बाटली दोन-तीन मिनिटं बर्फात ठेवायची. गारठलेली माशी पांढऱ्या कागदावर ओतली की थोडा वेळ हलत नाही.

तेवढ्यात आधी पंखाचा फोटो काढा, रंग-डोळे मागाहून. फोरिडच्या पंखात पुढच्या कडेला मोजक्याच जाड काळ्या शिरा असतात आणि त्या अर्ध्यावरच संपतात. पुढे केसासारख्या फिकट शिरा तिरक्या जातात, त्यांना जोडणारी आडवी शीर नाही. ऑगस्टमध्ये मेलेल्या गोगलगाईवरच्या माशीत हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, तेव्हा मी आईला हाक मारली. तिने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, "हिच्या पंखाची शिवण अर्ध्यातच सोडलीय." आता मी फोरिड ओळखतो तो त्याच वाक्यावरून.

सेप्सिड या दुसऱ्या कुळातल्या माशीला लेन्स लागतच नाही. काळी चकचकीत, मुंगीसारख्या बारीक कमरेची, चालताना पंख वल्ह्यासारखे हलवते. पुष्कळ जातींत पंखाच्या टोकाशी काळा ठिपका. वाढते मुख्यतः शेणात, पण कलेवरावरही येते. स्फेरोसेरिड कुळातल्या माशीसाठी मात्र लेन्स हवीच: मागच्या पावलाचा पहिला सांधा आखूड आणि फुगलेला, आणि तो बाजूने घेतलेल्या फोटोतच दिसतो.

पिओफिलिड कुळातल्या माश्या ताज्या कलेवरावर शोधू नका. मांस वाळून चामडं-हाडं उरली की त्या येतात. अळी तोंडाच्या आकड्यांनी स्वतःचंच शेपूट धरते, अंग ताणते, सोडते आणि टुणकन वीतभर उडते. पिओफिला केसाय ही त्यातलीच जात खारवलेल्या माशांतही वाढते, म्हणून आमच्या पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, सुका बांगडा यंदा घट्ट झाकणाच्या डब्यात गेला.

तक्रार आहे ती क्लिपची. जुलैत स्प्रिंग गंजली, ऑगस्टअखेर काचेच्या कडेला बुरशी धरली. विक्रेत्याने कळवूनही दाद दिली नाही. तेव्हापासून लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात असते. गोव्याच्या पावसात हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

लेन्स घ्या, पण ओळखण्याची अपेक्षा कुळापर्यंतच ठेवा. फोरिडच्या बऱ्याच जाती नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाहीत, म्हणून मी वहीत जातीचं नाव लिहीत नाही. हातमोजे घाला, आणि वन्य प्राण्याचं कलेवर जागचं हलवू नका. माशी तेवढी घ्या.

गेल्या आठवड्यात आणखी एका मेलेल्या गोगलगाईखालची माती बाटलीत भरून आणली, तिच्यात तपकिरी कोश आहेत. फोरिडच्या कोशाला श्वासासाठी दोन बारीक शिंगं असतात. काल लेन्समधून ती दिसली. माश्या बाहेर पडायची वाट बघतोय, बर्फ सांगून ठेवलाय.