रेशीम-मेरिनोची वर्स्टेड लोकर: झळाळी भरपूर, उसळी बेताची

निम्मी मेरिनो (याच नावाच्या मेंढीची मऊ लोकर), निम्मं रेशीम, एकपदरी कातलेली, १०० ग्रॅमच्या लडीत साधारण २०० मीटर. लेबलवर साडेचार ते पाच मिमीची सुई आणि १० सेंटीमीटरला १८ टाके. (‘वर्स्टेड’ हा शब्द कातण्याच्या एका पद्धतीलाही लावतात. लडीच्या लेबलवर त्याचा अर्थ मध्यम जाडी एवढाच घ्यायचा.) या जातीची लोकर हाताला इतकी सुखावते की नमुना (माप घेण्यासाठीचा छोटा चौकोन) न विणता थेट स्वेटरचे टाके घालावेसे वाटतात. तेवढं मात्र करू नका.

लडीचं एक टोक घ्या, बोटांनी पीळ उलगडा आणि तंतू वेगळे करा. मेरिनोचे तंतू नागमोडी असतात, ओढून सोडले की मागे सरकतात. रेशमाचे सरळ, चकचकीत, जसे ठेवले तसेच राहतात. या लोकरीचे सगळे गुणदोष इथेच दिसतात. टाक्याला मूळ आकारात परत आणणारी उसळी मेरिनोची. झळाळी, मजबुती आणि अंगावरून ओघळणारा झोक रेशमाचा. निम्मं रेशीम म्हणजे उसळीही जवळपास निम्मीच उरते.

रेशीम खरं आहे का, अशी शंका आली तर दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. रेशीम आणि लोकर दोन्हींना जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. कागद जळल्यासारखा वास आला तर त्यात रेयॉन आहे, कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा नायलॉन. लोकर आणि रेशीम यांचं प्रमाण मात्र या चाचणीत कळत नाही.

आता नमुना. निदान २० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच उंच विणा, कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवा आणि मग माप घ्या. त्यानंतर खालच्या काठाला वजन म्हणून चार-पाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि पुन्हा मोजा. पूर्ण स्वेटर अर्धा किलोचा होतो आणि ते सगळं वजन खांद्यावरून लोंबतं. टांगलेला नमुना त्याची आधीच कल्पना देतो. समजा, धुण्याआधी १० सेंटीमीटरला १८ टाके होते आणि धुतल्यावर १७ झाले. फरक एका टाक्याचा, पण १०० सेंटीमीटर घेरासाठी घातलेले १८० टाके आता जवळजवळ १०६ सेंटीमीटर भरतील. मेरिनो सुपरवॉश (यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) असेल तर ही वाढ आणखी जास्त होते, कारण त्या प्रक्रियेत तंतूंवरचे खवले बोथट होतात किंवा झाकले जातात आणि टाके एकमेकांना धरून राहत नाहीत.

म्हणून सुई लेबलपेक्षा अर्धा मिमी बारीक घेतलेली बरी. धातूच्या सुईवरून टाके भराभर निसटतात. लाकडाची किंवा बांबूची सुई त्यांना धरून ठेवते. टोक फार अणकुचीदार नको, एकपदरी धागा चिरतो आणि अर्धाच धागा सुईवर येतो. लडीचा गुंडा करताना सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आकसते.

काठ हे या लोकरीचं सगळ्यात कच्चं अंग. दोन सुलट, दोन उलट असा नेहमीचा रिब (काठाची ताणली जाणारी पट्टी) पुरेसा आवळत नाही. महिनाभरात मनगटाशी फुलतो. सुई दोन नंबर बारीक करा, एक सुलट, एक उलट विणा आणि सुलट टाका मागच्या बाजूने घ्या. टाक्याला पीळ बसतो, काठ टिकतो. स्वेटर वेगवेगळ्या भागांत विणून शिवणं इथे खरोखर फायद्याचं आहे. खांद्याची आणि बाजूची शिवण वजन पेलते. वरून खाली अखंड विणलेला स्वेटर खांद्यापासूनच लांबत जातो.

नवी लड जोडताना ओलं करून तळहातावर घासायची युक्ती इथे चालत नाही, रेशीम नमद्यासारखं गुंतत नाही. १५ सेंटीमीटरची टोकं सोडा, उलट बाजूने तिरकी ओवा, मग दिशा बदलून परत ओवा. कात्री पहिल्या धुण्यानंतरच लावा, कारण निसटायची असली तर टोकं धुण्यातच निसटतात.

साधं सुलट विणकाम, मोठ्या जाळीचा नमुना, गळ्याभोवतीचा काउल, शाल: यात ही लोकर खुलते. टोपीला बहुधा एक लड पुरते, मध्यम मापाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पाच ते सहा. वेण्यांचे नमुने मात्र धुतल्यावर चपटे बसतात. उठावदार वेण्या हव्या असतील तर तिपदरी मेरिनो घ्या. मोज्यांसाठी तर ही मुळीच घेऊ नये. एकपदरी धाग्याला घासून लगेच गोळे येतात. स्वेटरवरही काखेत आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला ते येणारच.

रंग हा हिचा मोठा आनंद. लोकर आणि रेशीम एकाच रंगपात्रात रंग वेगवेगळा धरतात, त्यामुळे एकाच धाग्यात दोन छटा झळकतात. हातरंगाईच्या लडी एकाच लॉटच्या असल्या तरी जुळतीलच असं नाही. दोन लडी घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणलं की पोटावर पट्टा उमटत नाही.

धुताना एन्झाइमची पावडर वापरू नका. प्रथिनांचे डाग काढणारं एन्झाइम लोकर आणि रेशीमही खातं, कारण दोन्ही प्रथिनंच. ओलं रेशीम कमजोर असतं, तेव्हा पिळू नका, पाण्यातून दोन्ही हातांनी आधार देऊन उचला. सावलीत सपाट वाळवा, उन्हाने रेशीम पिवळं पडतं. स्वेटर हँगरला न लावता घडी करून ठेवा. उरलेल्या धाग्याची पाच-सहा मीटरची लहान लडी बांधून कपड्याबरोबरच धूत चला, म्हणजे दोन वर्षांनी कोपर रफू करायची वेळ आली तरी रंग जुळेल.