विमानतळांमधलं अंतर मोजणारा कॅल्क्युलेटर : काही महिने वापरल्यानंतर

लेक न्यू जर्सीला, त्यामुळे मुंबई–न्यूयॉर्क हा आमच्या घरातला कायमचा विषय. तिकिटं बघताना दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर मी हल्ली शेजारी उघडा ठेवतो. असे कॅल्क्युलेटर ढिगाने आहेत, फुकट आहेत, आणि आतलं गणितही जवळपास एकच : पृथ्वीच्या गोलावरून जाणारी सगळ्यांत जवळची रेघ.

अंतराला पैकीच्या पैकी गुण. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर. एकक तेवढं तपासा. नॉटिकल, म्हणजे सागरी, मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. नकाशावरची रेघ बघून मात्र सौ. म्हणाली, हे रशियाला कुठे निघालं? खरंच, सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या आसपास, फिनलंड, आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली. शाळेच्या सपाट नकाशाने आपल्या डोक्यात सरळ पश्चिम भरलेली असते.

वेळेचा आकडा मी आता बघतच नाही. अंतराला ठरावीक वेगाने भागायचं, वर अर्धा तास टाकायचा, झाले साडेचौदा तास! जातानाही तेवढेच, येतानाही तेवढेच. प्रत्यक्षात जायला सोळाच्या आसपास लागतात आणि येताना तासभर तरी वाचतो, कारण उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे तिथले वेगवान वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट हजारभर किलोमीटरने लांबली, तरी वाऱ्याच्या जोरावर ते आधीपेक्षा लवकर पोचलं. हे भागाकारात कुठे बसवणार?

आणि वरचं आकाश काही मोकळं रान नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, पण कॅल्क्युलेटरची रेघ खुशाल सिंधवरून जाते. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना दार लावलं, तेव्हा फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ-दहा तासांवरून तेराच्या घरात गेला. कॅल्क्युलेटरवर तो अजून आठ हजार किलोमीटरच्या आतच आहे.

मला खरा उपयोग झाला तो थांब्याची तिकिटं पारखताना. मुंबई–दुबई आणि दुबई–जेएफके यांची बेरीज केली, तर थेट रेघेपेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त भरतात, म्हणजे हवेत अर्धा तास. वेळ खातो तो दुबईतला मुक्काम. युरोपातून जाणाऱ्या तिकिटांचंही साधारण तसंच. म्हणून मी आता थांबा कुठे यापेक्षा किती तासांचा हे आधी बघतो. गुडघे दुखणाऱ्यांना तर मधे पाय मोकळे करायला मिळणं बरंच.

वेळेसाठी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाचा मागच्या आठवड्याचा इतिहास काढतो. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या जावयाला कळवायला तोच आकडा कामाचा.