गाड्यांचा ऑनलाइन ग्रुप निवडताय? मेंबर मोजू नका, तिथलं बोलणं बघा

नवीन गाडी घेतली किंवा एखादी जुनी हौसेने हातात घेतली की पहिल्या आठवड्यातच माणूस ऑनलाइन ग्रुप शोधायला लागतो, आणि एकेका मॉडेलचे चार-पाच तरी सापडतातच. एक जुना फोरम (प्रश्नोत्तरांची स्वतंत्र वेबसाइट) असतो, एक फेसबुक ग्रुप, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक देतं, तरुण मंडळी डिस्कॉर्ड नावाच्या चॅट अ‍ॅपवर, आणि रेडिट ही चर्चेची साइट तर आहेच. सगळीकडे राहणं जमत नाही, म्हणजे जमतं पण मग कुठलंच धड वाचून होत नाही, त्यामुळे एक-दोनच धरावे लागतात. बहुतेक जण मेंबरचा आकडा बघून निवडतात. मी म्हणेन तो आकडा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा, नवख्याशी तिथे कसं बोलतात आणि कुणी चुकीचा सल्ला दिला तर पुढे त्याचं काय होतं. गाडीच्या ग्रुपमधला उद्धटपणा नुसतं मन दुखवून थांबत नाही. एकदा टर उडवली की तो माणूस पुढचा प्रश्न विचारतच नाही, आणि तो पुढचा प्रश्न ब्रेकचा असू शकतो.

एकच प्रश्न पाचही ठिकाणी टाकून बघू. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) पुरेसं काम करत नाहीये असा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज आहे. अंदाजच, कारण तो धूर तपासत नाही, कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे आकडे बघून ठरवतो. एक्झॉस्टला कुठे लीक असेल, मागचा सेन्सर थकला असेल किंवा बरेच दिवस मिसफायर होऊन, म्हणजे इंजिनात इंधन नीट न जळून, कन्व्हर्टर खरंच गेला असेल, दिवा तोच लागतो. आता यात कन्व्हर्टर बदलणं हा सगळ्यात महागडा उपाय, त्यामुळे उत्तर देणाऱ्याने आधी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

फेसबुकवर दहा मिनिटांत कमेंट्सचा पाऊस पडतो. कन्व्हर्टर बदल, काढूनच टाक आणि सरळ पाइप लाव, हे मॉडेलच भंगार आहे, मी सांगितलं होतं घेऊ नको, दोन हसणारे चेहरे, आणि मधेच कुणाची तरी पार्ट्सची जाहिरात. त्याच गर्दीत एक जण अगदी नीट विचारतो की मागच्या सेन्सरचा ग्राफ स्थिर आहे का पुढच्यासारखाच वरखाली होतोय, पण त्याची कमेंट कुठे गेली ते शोधत बसावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मायेने बोलतात, हे मान्य करायलाच हवं, काळजी करू नको रे म्हणतात, व्हॉइस नोट पाठवतात, फोनसुद्धा करतात, पण तेवढ्यात कुणी नव्या गाडीच्या डिलिव्हरीचे पंधरा फोटो टाकले की तुमचा प्रश्न वर वाहून जातो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी तोच प्रश्न घेऊन येतो. डिस्कॉर्डवर योग्य वेळी योग्य माणूस ऑनलाइन असेल तर यासारखं सुख नाही, तो तुमच्याबरोबर बसून स्क्रीनशॉट बघत बघत एकेक गोष्ट तपासून घेतो. नसेल तर शांतता. रेडिटवर मेकॅनिक लोक बरेच फिरकतात, वरचं उत्तर बऱ्याचदा चांगलं निघतं. फोरमवर पहिला रिप्लाय कदाचित दुसऱ्या दिवशी येतो आणि तोही कोरडा असतो, "सर्च केलं का?" एवढाच. पण त्याच्याबरोबर लिंक असेल तर रागावू नका, त्या लिंकमधे दहा वर्षांपूर्वी कुणीतरी हाच कोड पायरीपायरीने सोडवून शेवटी काय निघालं तेही लिहून ठेवलेलं असतं.

इथे एक फरक ध्यानात घ्या, कारण नवे लोक इथेच गोंधळतात. तुटक बोलणं वेगळं आणि तुच्छतेनं बोलणं वेगळं. "हा प्रश्न आधी आलाय, ही लिंक, वाच आणि अडलं तर इथेच विचार" हे तुटक आहे पण त्यात मदत आहे. "एवढंही कळत नाही तर गाडी कशाला घेतली" यात मदत शून्य. ज्या फोरमवर पहिल्या प्रकारचे म्हातारे आहेत तिथे खुशाल जा, पंधरा दिवसांत सवय होते. दुसऱ्या प्रकारचे असतील आणि मॉडरेटर, म्हणजे तिथली शिस्त सांभाळणारा, गप्प बसत असेल तर ज्ञान कितीही असो, तिथे तुमचं काही भलं होणार नाही.

आता चुकीच्या सल्ल्याचं. ब्रेक ऑइलचं उदाहरण घ्या. त्याच्या प्रकारांत डॉट ३, डॉट ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलवाले, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. ते या बाकीच्यांत मिसळायचं नसतं आणि एबीएसच्या गाडीत तर घालायचंच नसतं. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी असं वाटून कुणीतरी हमखास सांगतो की डॉट ४ च्या जागी डॉट ५ टाक, अपग्रेड होईल. फोरमवर हे लिहिलं तर त्याच्या खाली लगेच दुसरा येऊन खोडून काढतो, आणि ते खोडणं त्या चुकीच्या सल्ल्याला कायमचं चिकटून राहतं, पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही दोन्ही एकत्र दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन जण थँक्स म्हणून मोकळे झालेले असतात, अर्ध्या तासाने जाणकार माणूस कामावरून येऊन दुरुस्ती करतो तोवर ज्याला गरज होती तो ऑइल आणायला गेलेला असतो. रेडिटवर मतांचा खेळ आहे. डाउनव्होट, म्हणजे उत्तराला खाली ढकलणारं मत, हा "पटलं नाही" म्हणून द्यायचा नाही असं त्यांच्याच शिष्टाचाराच्या नियमांत लिहिलंय, पण पाळतं कोण, त्यामुळे बरोबर पण लोकांना न आवडणारं उत्तर खाली गाडलं जातं आणि मजेदार वन-लाइनर डोक्यावर बसतो. सुरक्षेच्या बाबतीत मला फोरमची ही चिकटून राहणारी दुरुस्ती सगळ्यात मोलाची वाटते.

आणि नुसते गोड ग्रुप पण धोक्याचेच असतात हे कुणी सांगत नाही. काही ठिकाणी नियमच असतो की निगेटिव्ह बोलायचं नाही. एखादा पोरगा गाडी नुसत्या जॅकवर उचलून, खाली स्टँड न लावता, आत झोपून काम करतानाचा फोटो टाकतो आणि खाली सगळे लिहितात मस्त भावा, कडक काम. एकानेही म्हणू नये की अरे आधी बाहेर ये, जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला स्टँड लागतात? मला अशा वेळी ओरडणारा खडूस माणूस हजार पटीने बरा वाटतो. फक्त त्याने ते फोटोतल्या चुकीबद्दल बोलावं, पोराच्या अकलेबद्दल नाही.

भांडणं सगळीकडेच होतात. इलेक्ट्रिक का पेट्रोल, ऑटोमॅटिक का मॅन्युअल, स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, ठेवायची का मॉडिफाय करायची, आणि कंपन्यांच्या नावाने तर रोजच. फेसबुकवर ज्या पोस्टवर कमेंट्स जास्त ती परत परत समोर येते, म्हणजे भांडण जितकं पेटेल तितकं जास्त लोकांना दिसतं, आणि खऱ्या नावाने लिहिलं म्हणून लोक सभ्य वागतील ही आशा तर तिथे केव्हाच संपली. फोरमवर मॉडरेटर थ्रेडला, म्हणजे त्या एका विषयावरच्या चर्चेला, कुलूप लावतो. चांगल्या फोरमची खूण अशी की कुलूप लावताना शेवटी एक ओळ कारण लिहिलेलं असतं. कारण न देता पोस्ट गायब होत असतील, विशेषतः एखाद्या दुकानाबद्दल किंवा जाहिरातदाराबद्दल वाईट अनुभव लिहिलेल्या, तर तिथे सावध.

एक वेगळ्या जातीचा त्रास आहे, तो म्हणजे घाबरवणं. पोर्शेची ९९६ पिढीची ९११ किंवा पहिली बॉक्स्टर कुणी घेतली आणि त्याने दरवाज्याच्या रबराबद्दल जरी विचारलं तरी पहिला रिप्लाय येतो की आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या एका शाफ्टचं बेअरिंग) केलं का, नाहीतर इंजिन जाणार. ते बेअरिंग त्या इंजिनांत खरंच फेल होतं, इंजिन खरंच जातं, हे सांगणं गरजेचंच आहे, पण दर वेळी प्रश्न सोडून तेच सांगितलं की ज्याने आयुष्यभराची हौस म्हणून गाडी घेतली त्याची झोप उडते आणि रबराचं उत्तर काही मिळत नाही. ज्या मॉडेलचा असा एक प्रसिद्ध आजार आहे त्याच्या ग्रुपात जाताना बघा की त्या आजारावर एक वेगळा, वर लावून ठेवलेला थ्रेड आहे का. असेल तर बाकीच्या जागी लोक शांतपणे बोलतात.

खाजगीपणाचा मुद्दा फार कमी लोक बघतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आता १,०२४ माणसं बसतात, आणि एकदा आत गेलात की तुमचा नंबर त्या सगळ्या अनोळखी लोकांसमोर असतो. बाईने क्लच प्लेटबद्दल एक साधा प्रश्न विचारला आणि तासाभरात तिच्या पर्सनल चॅटवर हाय, कुठे राहता सुरू झालं, हे सर्रास होतं. वर ग्रुपमधे गाडी नक्की तुमचीच का नवऱ्याची हेही विचारून झालेलं असतं. अ‍ॅडमिन अशा माणसाला त्याच दिवशी काढतो का, का "जाऊ दे गं, मजा केली त्याने" म्हणतो, यावरून तो ग्रुप कसा आहे ते कळतं. फोरम, डिस्कॉर्ड आणि रेडिटवर टोपणनावाने राहता येतं, हा त्यांचा मोठा फायदा. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण सेटिंगमधे जाऊन आधी बघून घ्यावं लागतं. आणि कुठेही असा, नंबर प्लेट, घराचा दरवाजा आणि १७ अक्षरी चेसिस नंबर एकत्र दिसेल असा फोटो टाकू नका. दुसऱ्याच्या गाडीचे डॅशकॅमचे व्हिडिओ प्लेट न झाकता टाकून "याला व्हायरल करा" म्हणणारे ग्रुप असतात, तिथून तर मी लगेच बाहेर पडायला सांगेन, उद्या तिथे तुमची प्लेट असेल.

पार्ट्सची खरेदी-विक्री करायची असेल तर जिथे विकणाऱ्याचा जुना इतिहास दिसतो तिथेच करा, म्हणजे परत फोरम. कालच प्रोफाइल उघडलेला माणूस फेसबुकवर दुर्मीळ चाकं अर्ध्या भावात विकतोय आणि आधी पैसे पाठव म्हणतोय, यावर फार बोलायची गरज नाही.

इतकं सगळं ऐकून वाटेल की फोरमच डोळे मिटून घ्यावा, पण तसं नाहीये. बरेच फोरम म्हातारे झालेत. २०१७ मधे फोटोबकेट या फोटो साठवायच्या साइटने फुकट खात्यांवरून दुसऱ्या साइटवर फोटो दाखवणं बंद केलं आणि एका फटक्यात वर्षानुवर्षांच्या रिपेअरच्या थ्रेडमधले फोटो गेले, आता लिहिलेलं असतं "खालच्या फोटोत बाण दाखवलाय तो बोल्ट" आणि फोटोच्या जागी करडा चौकोन. काही फोरम मोठ्या कंपन्यांनी विकत घेतले आणि जाहिरातींनी भरून टाकले. जुने जाणते निघून गेले तसे उत्तरं देणारे उरले नाहीत. म्हणून आधी शेवटच्या महिन्यात किती नव्या प्रश्नांना उत्तर आलंय ते बघा.

तुमचीही बाजू आहे बरं का यात. मॉडेल, वर्ष, इंजिन, किती चाललीय, काय काय आधीच करून बघितलं, हे न लिहिता "गाडी आवाज करतेय काय असेल" असं विचारणं हाही एक प्रकारचा उद्धटपणाच, समोरच्याचा वेळ फुकट घालवायचा. आणि सगळ्यात राग येणारी गोष्ट म्हणजे वीस जणांनी डोकं लावल्यावर "झालं, सॉल्व्ह झालं" एवढंच लिहून गायब होणं. काय निघालं ते लिहा ना! सेन्सर होता का लीक होती, एका ओळीचं काम आहे, आणि पुढे तोच कोड आलेला प्रत्येक माणूस ती ओळ शोधत तिथे पोचणार आहे.

तर निवड कशी करायची. गाडी स्वतः उघडून काम करणार असाल, किंवा जुनं मॉडेल विकत घ्यायचा विचार असेल, तर त्या मॉडेलचा चालू फोरम, मग तिथे थोडं कडक बोलणं ऐकावं लागलं तरी. अजून कुठली गाडी घ्यायची तेच ठरलं नसेल तर रेडिट, पण पहिलं उत्तर वाचून थांबू नका, खालची नावडती उत्तरं पण उघडा. एकत्र ड्राइव्हला जायचं, ओळखी करायच्या, रस्त्यात बंद पडलो तर कुणाला तरी हाक मारायची, यासाठी छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, चाळीस-पन्नास माणसांचा, ज्याचा अ‍ॅडमिन जागा आहे. ट्यूनिंग, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), डेटा लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) असल्या गोष्टींत रस असेल तर डिस्कॉर्ड, फक्त तिथलं कामाचं जे मिळेल ते स्वतःकडे लिहून ठेवा कारण गुगलवर ते परत सापडणार नाही. फेसबुक मी सगळ्यात शेवटी ठेवेन, पार्ट्स शोधायला आणि फोटो बघायला ठीक.

जॉइन झाल्यावर दोन आठवडे काही लिहू नका, नुसतं वाचा. एखाद्या जुन्या मानाच्या मेंबरने चूक केली आणि नवख्याने ती दाखवली असा एक तरी प्रसंग शोधा, आणि त्या नवख्याला काय उत्तर मिळालं ते बघून मग पहिली पोस्ट टाका किंवा ग्रुप सोडा.